आधी कोणता रंग होता

मी पत्रकं लिहिते. तेच माझं खरं शिक्षण. बी.एस्सी. केली, पण वाक्य ठोकायला शिकले ते संघटनेच्या खोलीत: पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत ती कोणी अडवली ते, तिसऱ्या ओळीत आम्ही पुढे काय करणार. त्यामुळे हे लिहिताना जरा अडखळायला होतं. यात घेराव नाही, मोर्चा नाही. एक मुलगी आहे, तिची रसायनाची फेरपरीक्षा आहे आणि कार्बनच्या दोन अणूंमधला दुहेरी बंध आहे.

संघटनेची खोली आरमोरीत, एका रंगाच्या दुकानामागे. दुकान चाचांचं. ऑइलपेंट, टर्पेंटाइन, ब्रश, दाराला लावायचं जवसाचं तेल, असा सगळा माल. आमच्या मोर्चांच्या फलकांना रंग त्यांच्याकडूनच जातो. मधल्या भिंतीला एक खिडकी आहे आणि चाचा गिऱ्हाईक नसलं की त्या खिडकीत कोपर टेकून आमच्या बैठका ऐकतात. मत विचारावं लागत नाही.

त्या वर्षी आमचं काम चाललं होतं प्रयोगशाळांचं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण असं एकच नाही. अकरावी-बारावी विज्ञानाचे वर्ग आहेत, पाटी आहे, प्रयोगशाळेला कुलूप आहे. वर्षातून एकदा प्रात्यक्षिक परीक्षेपुरतं उघडतं. पोरं वर्षभर जर्नल उतरवतात. "निरीक्षण: रंग नाहीसा झाला." कुणी निरीक्षण केलं, कधी केलं, विचारू नका. मागच्या बॅचच्या जर्नलमधून ह्या बॅचने उतरवलं आणि ह्यांच्यावरून पुढचे उतरवतील. आम्ही निवेदन घेऊन गेलो तेव्हा मी आत डोकावले होते. ब्रोमीन पाण्याची बाटली फळीवर होती, चिठ्ठी नीट चिकटवलेली, आत काही नाही. कॉलेजचे साहेब म्हणाले, "मुलांना समजत नाही तर केमिकल आणून उपयोग काय?" हे वाक्य मी जसंच्या तसं पत्रकात घातलं.

पत्रक वाचून ती आली. आरमोरीला काळीपिवळी जीपने यावं लागतं अशा गावची. बाप धानाच्या गिरणीत हमाली करतो, आणि धानाचं काम संपलं की माय-बाप दोघंही तेलंगणात मिरची तोडायला जातात. घरात डॉ. बाबासाहेबांच्या फोटोखाली तिची दहावीची गुणपत्रिका काचेत लावलेली, हे मी नंतर पाहिलं. आली तेव्हा मी खाली बसून फलक रंगवत होते. ती दारातच उभी.

"ताई, तुम्ही बीएस्सी केली ना जी?"

"केली. काऊन?"

"मले डबल बाँड समजवून देता का? केमिस्ट्रीत गेली मी."

मग बसली आणि सांगितलं. लेखी थोडक्यात राहिलं होतं, प्रात्यक्षिकात सावरलं असतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, अल्कीन, म्हणजे दुहेरी बंध असलेला पदार्थ, ओळखायची कशी? तिने पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, ब्रोमीन वॉटर गेट्स डिकलराइज्ड. सर म्हणाले, बरोबर. मग मराठीत विचारलं, "आधी कोणता रंग होता?"

"मंग?"

"मंग का? गप राहिली. रंग जाते एवढं माहीत होतं. कोणता जाते ते मी कधी पाह्यलंच नाई."

खिडकीतून चाचा म्हणाले, "बिन देखे रंग बेचते हैं ये लोग. मैं तो डब्बा खोलके दिखाता हूँ."

फेरपरीक्षा जुलैत. पास झाली तर बी.एस्सी.ला प्रवेश मिळत होता, अर्ज भरलेला होता. नाही झाली तर बापाने मुकादमाला आधीच सांगून ठेवलं होतं: पुढच्या हंगामात मिरचीला तिघं येऊ. त्याचा दुष्टपणा नव्हता त्यात. घरी बसलेली पोर त्याला परवडत नव्हती, सरळ गोष्ट होती.

मला रागच आला, आणि राग आला की मी भाषण करते. व्यवस्था, अनुदान, कुलूप, सगळं बोलून झालं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे बरोबर आहे, ताई. पण डबल बाँड?"

फळा नव्हता. मी तिला उभं केलं. "फुगडी खेळतेस ना? एकच हात धर माझा." धरला. "आता गोल फिर." ती माझ्या हाताखालून गिरकी घेऊन आली. "हा एकेरी बंध. एकमेकींना सोडलं नाही, तरी दोघी आपल्या आपल्या फिरू शकतो. आता दोन्ही हात दे. फिर आता." फिरता येईना. हात पिळवटले. "हे दुहेरी. म्हणून दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंना जे जिथे बसलंय ते तिथेच बसून राहतं. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जात नाही, हात सोडल्याशिवाय."

"सिस आणि ट्रान्स," ती म्हणाली. शब्द पाठ होते तिला, एकाच बाजूला बसलेले ते सिस, विरुद्ध बाजूंना ते ट्रान्स. मग तिने आमच्या चार हातांकडे पाहिलं. "पण ताई, दुसरं कोणी आलं तर कोणता हात आधी सुटते? दोन्ही तर सारखेच धरून आहेत."

प्रश्न बरोबर होता आणि माझी फुगडी चूक होती. दोन हात सारखे नसतात तिथे. एक बंध समोरासमोर, दोन अणूंच्या मधोमध, घट्ट. तो सिग्मा. दुसरा बाजूबाजूने, नुसता टेकलेला. तो पाय, ग्रीक अक्षरातला. मी एक हात तिच्या मुठीत दिला आणि दुसऱ्या हाताची फक्त बोटं तिच्या बोटांना लावली. "सगळ्यात लहान अल्कीन घे, इथिलीन. दोन कार्बन, चार हायड्रोजन, सहाही अणू भाकरीसारखे एका पातळीत. पायचे इलेक्ट्रॉन त्या भाकरीच्या वर आणि खाली पसरलेले असतात, उघड्यावर. बाहेरून जो येतो त्याला आधी तेच सापडतात. बोटं सुटतात, मूठ राहते. आणि दोघींचा एकेक हात मोकळा होतो. ब्रोमीनचे दोन अणू येतात, एक तुझा हात धरतो, एक माझा."

"मंग ब्रोमीन पाण्यात राहिलाच नाई."

"म्हणून रंग गेला."

तिने बोटं सोडवली आणि मूठ तेवढी धरून पाहिली. खिडकीतून चाचा म्हणाले, "तो ये दूसरा बाँड किरायेदार का हाथ है, कभी भी छूटे," आणि एका गिऱ्हाइकाला प्रायमर दाखवायला गेले.

पुढचे काही आठवडे ती दुपारी यायची. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली होती. सकाळी शेताच्या बांधीत रोवणी करायची, पाय धुवून काळीपिवळीत बसायची, नखांत गाळ तसाच. मी तिला प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया शिकवली. हायड्रोजन कुठे जातो? ज्या कार्बनकडे आधीच जास्त हायड्रोजन आहेत त्याच्याकडे. हे शिकवताना मी म्हटलं, "बघ, ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी. रेशन दुकानासारखं."

"ताई, इथीबी राजकारण?"

"मग तूच सांग, काऊन जाते तिथे?"

तिला येत नव्हतं, मग आम्ही दोघींनी पुस्तक उघडून बसवलं. हायड्रोजन बंधाच्या एका टोकाला बसला की दुसऱ्या टोकाच्या कार्बनवर धनभार येतो. तो भार ज्याला जास्त शेजारी आहेत त्याला सोसतो, कारण शेजारचे कार्बन आपले इलेक्ट्रॉन थोडे सरकवून त्याचा भार हलका करतात. ज्याला शेजारी कमी त्याला नाही सोसत. म्हणजे गोष्ट श्रीमंतीची नव्हतीच. मी माझी रेशन दुकानाची उपमा मागे घेतली, पत्रकात मी कधी काही मागे घेत नाही.

पण हे सगळं तोंडीच होतं. ती पुन्हा गप बसणार नाही याची मला खात्री नव्हती, आणि तिलाही नव्हती. "मले पाहाचं आहे," ती म्हणाली. "एकदा तरी रंग जाताना पाहाचा आहे."

ब्रोमीन आम्हाला कोण देणार? आणि दिलं तरी त्या खोलीत मी ते उघडलं नसतं. पण पुस्तकात दुसरी परीक्षा होती, परमँगनेटची. ते तर गावागावात माहीत आहे. विहिरीत टाकतात ती लाल दवा. मेडिकलमधून पुडी आणली. बादलीभर पाण्यात चिमूटही जास्त होते. पेल्यात दोन-तीन दाणे टाकले, गडद जांभळं पाणी झालं. दवा लाल म्हणतात, पाणी जांभळं होतं.

अल्कीन कुठून आणायची? ती आपल्या घरातच होती. तेलाच्या लांब साखळ्यांमध्ये दुहेरी बंध असतात. चाचांनी जवसाचं कच्चं तेल दिलं, वाटीभर. तिने घरून टोळीचं तेल आणलं. टोळी म्हणजे मोहाची बी. उन्हाळ्यात वेचून, वाळवून घाण्यावर काढतात, भाजीलाही चालतं. आणि माझं डोक्याचं खोबरेल, ज्यात दुहेरी बंध फार थोडे. अंदाज सोपा होता. जवस रंग खाईल, टोळी थोडा खाईल, खोबरेल जवळजवळ नाही.

अडचण एकच. तेल आणि पाणी मिसळत नाही. पुस्तकात लिहिलं होतं, नमुना अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवून घ्यावा. मी म्हटलं, बघते काय मिळतं ते. तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची एक बाटली काढून चटईवर ठेवली.

"हे काय आहे?"

"अल्कोहोल."

बूच काढलं तर खोलीभर मोहाचा वास. आमचा जिल्हा दारूबंदीचा. ज्या भिंतीला टेकून ती बसली होती त्या भिंतीवर माझंच पोस्टर होतं: "गावात थेंबही नको."

"कुठून आणली?"

"ते नका विचारू. पहिल्या धारेची आहे, पाणी नाई त्यात. पुस्तकात अल्कोहोल लिहून होतं."

खिडकीत चाचा. त्यांनी आधी बाटली पाहिली, मग पोस्टर, मग मला. "बेटी, मैं तो कुछ नहीं देखा. मेरी नाक जुकाम में है."

मी खिडकी लावून घेतली आणि म्हटलं, कर. मला काय तो गुन्हा वाटला नाही. पिण्यासाठी नव्हती ती. इंजेक्शनच्या रिकाम्या, उकळून घेतलेल्या बाटल्यांमध्ये थोडी थोडी दारू, त्यात एकेक तेल, वरून ड्रॉपरने जांभळं पाणी. जवस: रंग गेला, तपकिरी गाळ. टोळी: गेला, तपकिरी. तिचा चेहरा असा की माझं सगळं भाषण वसूल झालं. मग खोबरेल. तेही तपकिरी झालं.

"ताई, हे काऊन होऊन राह्यलं?"

मी म्हटलं, थोडे दुहेरी बंध असतात त्यातही. माझी पत्रकाची सवय. निष्कर्ष आधी ठरलेला, पुरावा त्याच्या मागे चालतो. तिने मान हलवली नाही. आणखी खोबरेल घेतलं, कमी खोबरेल घेतलं, दरवेळी रंग तसाच गेला. "कमी तेल घेतलं तरी तेवढाच जाते," ती म्हणाली. मग तिने एका बाटलीत तेल टाकलंच नाही. नुसती दारू घेतली आणि जांभळे थेंब सोडले.

आम्ही बघत बसलो. जांभळ्याचं हळूहळू लालसर झालं, मग चहासारखं, आणि तळाला तपकिरी गाळ बसला.

"दारूच खाऊन राह्यली रंग," ती म्हणाली.

तसंच होतं. परमँगनेट दुहेरी बंधालाच धरतं असं नाही, अल्कोहोललाही धरतं, आणि मोहाच्या दारूत तर अल्कोहोलबरोबर इतरही बरंच काही उतरलेलं असतं. जी गोष्ट नुसती विरघळवायला घेतली तीच साक्षीदाराला फोडत होती. पुस्तकात म्हटलेलं अल्कोहोल शुद्ध, प्रयोगशाळेतलं, आणि तेही घाईने बघून संपवायचं. आमचं अल्कोहोल आमच्या जंगलातलं. ही चूक पुण्याच्या पोरीने केली नसती, कारण तिला ती बाटली मिळाली नसती.

मी उरलेली दारू मोरीत ओतली. वास दोन दिवस होता आणि त्या दोन दिवसांत आमच्या व्यसनमुक्ती समितीची बैठक झाली, तो विषय इथे नको.

आता ॲसिटोन. ते कुठे मिळणार, मी विचार करत होते, तर तिने विचारलं, "नेलपॉलिश काढाचं पाणी चालते का? त्याच्यावर ॲसिटोन लिहून राह्यते." बाजारात बांगड्यांच्या दुकानात मिळालं. गुलाबी होतं, निळं होतं. आम्ही बिनरंगाचं शोधून आणलं. ह्यावेळी तिने तेल हातात घेण्याआधी नुसतं ते पाणी बाटलीत घेतलं, त्यात जांभळे थेंब टाकले आणि ती बाटली मागच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिली. "हे इथीच राहू द्या. पाहात राहू." ती जांभळीच राहिली.

मग तेलं. खोबरेलमध्ये रंग टिकला. बऱ्याच वेळाने थोडा मळला. टोळीच्या तेलाने काही थेंब खाल्ले आणि मग जांभळं राहिलं. जवस खातच सुटलं. ती थेंब सोडत होती, हलवत होती, पुन्हा सोडत होती. पलीकडून चाचांनी त्यांची खिडकी ढकलली, कारण जवस त्यांचं होतं.

"मेरा तेल जीत गया क्या?"

"तुमच्या तेलात दुहेरी बंध जास्त आहेत, चाचा," ती म्हणाली. "एका साखळीत तीन-तीन. म्हणून दारावर लावलं की वाळते. हवेतला ऑक्सिजन त्या बंधापाशी धरते आणि साखळ्या एकमेकींत गुंतते. खोबरेल लावून पाहा दारावर, जलमभर चिकट राहीन."

"लावलं होतं एका माणसाने," चाचा म्हणाले, ह्यावेळी मराठीत. "पैसे वापस मागायला आला."

तिच्या मनात तेव्हा काहीतरी जुळलं असावं. परत जाताना बसस्टँडवर बांबूने भरलेला ट्रॅक्टर उभा होता, तिने मला थांबवून दाखवलं. सरळ बांबूची मोळी घट्ट बसली होती, वाकड्यांच्या मोळीत हात जाईल एवढ्या फटी. "सिस बंधानं साखळी वाकते, म्हणून तेल पातळ. डालड्यात हायड्रोजन टाकून सरळ करते, म्हणून थिजते. बरोबर ना?" मी म्हटलं, बरोबर. हे मी शिकवलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी तिची बोटं पाहिली. परमँगनेटने तपकिरी झालेली, नखांच्या कडा काळ्या, वरून रोवणीचा गाळ. मी म्हटलं, "लिंबू चोळ, जातं ते. परीक्षकाला घाण वाटेल." तिने घरी लिंबू नाही म्हणून सांगितलं. मी बाजारातून घेऊन दिलं. तिने पिशवीत टाकलं.

परीक्षा झाली त्या दिवशी ती सरळ खोलीवर आली. चाचांनी दुकानातलं स्टूल खिडकीशी ओढलं.

"दुसरे सर होते," तिने सांगितलं. "हात पाहिले माझे. म्हणे, ही मेहंदी आहे का? मी म्हटलं, नाई सर, परमँगनेट. म्हणे, इथी तर आजच कुलूप उघडलं. मी म्हटलं, बाहेर केलं. कशात विरघळवलं म्हणे."

"मग?"

"म्हटलं, आधी दारूत."

चाचांनी डोक्याला हात लावला.

"सारे पोट्टे हासले. सर नाई हासले. मंग का झालं म्हणे. मी सांगितलं, सगळेच तपकिरी झाले, म्हणून नुसती दारू घेऊन पाहिली, तर तिनंही रंग खाल्ला. मंग ॲसिटोन घेतला, आणि नुसता ॲसिटोन बाजूले ठेवला. सर म्हणे, बस. मले वाटलं गेली मी. मंग त्यांनी तोच विचारला, आधी कोणता रंग होता?"

"आणि तू?"

"म्हटलं, परमँगनेटचा जांभळा, मी पाहिला. ब्रोमीनचा तांबूस-तपकिरी म्हणते पुस्तक, पण मी पाहिला नाई, आमच्या कॉलेजात बाटली रिकामी आहे. सरांनी फळीवरची बाटली उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली. लिहिलं का त्यांनी काही, ते नाई माहीत."

"लिंबू नव्हतं लावलं?"

"भाजीत टाकलं मायनं."

निकाल लागला, ती पास झाली. रसायनात गुण फार नाहीत, पण पुरेसे. बापाने मुकादमाला फोन केला तेव्हा मी तिच्या घरीच होते, काचेतल्या गुणपत्रिकेखाली. तो एवढंच म्हणाला, "आम्ही दोघंच येऊ जी. पोरगी कॉलेजले जाऊन राह्यली." आणि फोन ठेवून मला चहा विचारला.

प्रयोगशाळेचं कुलूप अजून तिथेच आहे, म्हणून नवीन पत्रक निघालं. ह्यावेळी पहिली ओळ मी लिहिली नाही. तिने लिहिली, खोलीत चटईवर बसून: आधी कोणता रंग होता ते आम्हाला पाहायचं आहे. दुसऱ्या ओळीत कोणी अडवलं ते मी घातलं. चाचांनी खिडकीतून वाचलं, आणि फलकाला कोणता रंग देऊ विचारलं. तिने जांभळा मागितला. तिच्या बोटांवरचा डाग तोवर पुसट झाला होता, नखांच्या कडांना तेवढा उरला होता.